चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं वरोऱ्याकडचे एक गृहस्थ माझ्या घरीं आले. पन्नाशी उलटलेले, शेतकरी, थोडेंफार शिकलेले, जातीनें राजगोंड. त्यांच्या काखेंत कागदाची एक लांबलचक गुंडाळी होती. ती त्यांनीं टेबलावर उलगडली, तेव्हां टेबल पुरेना. शेवटीं आम्हीं ती ओसरीवर पसरली. अगदीं वर चांद्याचा पहिला गोंड राजा भीम बल्लाळसिंह, अगदीं खालीं हे गृहस्थ, आणि मध्यें तीसएक नांवें, अशी ती वंशावळ होती. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. त्यांच्या स्मृतिशिळेवर नांवाआधीं ‘राजवंशी’ हा शब्द कोरावा असें घरांतल्या तरुण मंडळींना वाटत होतें. थोरल्या भावाचें म्हणणें असें, कीं शब्द खरा नसेल तर तो बापाच्या दगडावर नको. “खरं काय थे सांगा जी,” एवढेंच त्यांचें मागणें होतें.

हा प्रश्न त्या एका घराचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर शोधतांना जें हातीं आलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें. आपल्याकडे जाधवांना देवगिरीचे यादव आठवतात, मोऱ्यांना पाटलिपुत्राचे मौर्य, शेलारांना शिलाहार, कदमांना कदंब आणि साळुंख्यांना चालुक्य. देवगिरीचें राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत बुडालें आणि सिंदखेडचे लखुजी जाधव सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुढें आले. मधल्या पावणेतीनशें वर्षांचा पूल बहुतांशीं आडनांवाच्या आधारावर उभा आहे. युरोपांत हाब्सबुर्ग घराण्याचा बादशहा पहिला मॅक्सिमिलियन यानें पदरीं विद्वान् बाळगून आपली वंशावळ ट्रॉयच्या हेक्टरमार्गें थेट नोआपर्यंत नेऊन भिडविली होती. तेव्हां वर्धा नदीकांठच्या शेतकऱ्याच्या गुंडाळीला हंसण्याचा अधिकार फारच थोड्यांना पोंचतो.

प्रथम गुंडाळीचा वरचा भाग घेऊं. चांद्याच्या गोंड राजांची जी यादी पुस्तकांतून सर्वत्र उतरली आहे, ती मुख्यतः एका इंग्रज अंमलदाराच्या लेखणींतून आली. मेजर ल्यूसी स्मिथ यानें चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा बंदोबस्त केला आणि १८६९ च्या आपल्या अहवालांत स्थानिक परंपरेवरून राजांची नांवें व सन दिले. भीम बल्लाळसिंहानें सन ८७० मध्यें राज्य स्थापिलें आणि नीलकंठशहाच्या हातून तें १७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. मध्यें एकूण १९ कारकीर्दी. आमच्या पाहुण्यांची गुंडाळी हीच यादी होती. फक्त तिच्या शेपटाला त्यांचें स्वतःचें घर जोडलेलें होतें.

आतां साधा हिशेब करूं. ८८१ वर्षें आणि १९ राजे, म्हणजे दर राजास सरासरी ४६ वर्षें. बाबरापासून औरंगजेबापर्यंत सहा मोगल बादशहांनीं मिळून १८१ वर्षें काढलीं, म्हणजे सरासरी तीस. आणि त्यांत अकबर व औरंगजेब ह्या दोघांच्या कारकीर्दी असामान्य दीर्घ. पेशव्यांच्या गादीचा हिशेब तर पंधरा वर्षांवर येतो. एखादा राजा पन्नास वर्षें राज्य करील. पण एकोणीस जणांनीं ओळीनें तसें करावें, हें कोणत्याहि घराण्याच्या प्रकृतीला झेपणारें नाहीं.

याहून मौजेची गोष्ट पुढें आहे. यादींतील शेवटच्या दहा कारकीर्दींचे सन घेऊन मीं वजाबाकी केली. चांदा शहर वसविणारा खांडक्या बल्लाळशहा १२४२ ते १२८२, म्हणजे ४० वर्षें. त्याच्या मागून हीरशहा ६०, भूमा व लोकबा हे दोघे मिळून ६०, कोंड्याशहा ४०, बाबाजी बल्लाळशहा ८०, धुंड्या रामशहा ७५, कृष्णशहा ५०, बीरशहा २५, रामशहा ६३, नीलकंठशहा १६. पहिल्या आठहि जणांना पांचांनीं निःशेष भाग जातो! यमराज पांचांच्या पाढ्यानें येतो असें कोणत्याहि पुराणांत सांगितलेलें नाहीं. शेवटचे दोघे, ज्यांचा काळ माणसांच्या आठवणींत आणि मराठ्यांच्या कागदांत होता, ते तेवढे ह्या पाढ्यांतून सुटले आहेत. माझा तर्क असा, कीं नांवें परंपरेचीं आणि सन मागाहून कोणीं तरी अंदाजानें वांटून दिलेले. बंदोबस्ताच्या साहेबाला तक्त्यांत आंकडा हवा होता. सांगणाऱ्यानें तो दिला. ह्यांत लबाडी असेलच असें नाहीं. ‘तुमचे आजे किती वर्षांचे होऊन गेले?’ असें विचारल्यास आपणहि ‘ऐंशी’ म्हणतों, एक्याऐंशी म्हणत नाहीं.

पण तर्क तो तर्कच. त्याची शहानिशा बाहेरच्या पुराव्यानें व्हावयास पाहिजे, आणि चांद्याच्या सुदैवानें तसा पुरावा आहे. जुन्या वरोरा तहशिलींतलें आणि आजच्या भद्रावती तालुक्यांतलें भांदक हें गांव घ्या. तेथें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट सांपडला. त्याचा शक ६९४, म्हणजे इसवी सन ७७२. यादीप्रमाणें भीम बल्लाळ गादीवर बसला त्या ८७० सालीं मान्यखेटास राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करीत होता. पुढें शके १०३४ चा, म्हणजे १११२ चा, परमार जगद्देवाचा शिलालेख वर्धेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यांत डोंगरगांव येथें आहे. त्याच जगद्देवाच्या काळचा दुसरा लेख आदिलाबादकडे जैनाड येथें आहे. त्यानंतर यादवांचे लेख येतात. ह्या सर्व काळांत ह्या प्रदेशावर स्वामित्व सांगणारे लेख राष्ट्रकूटांचे, परमारांचे, यादवांचे आहेत; गोंड राजाचा एकहि नाहीं. खुद्द चांदा जिल्ह्यांतील परंपराहि गोंडांच्या आधीं माना जातीचे नागवंशी राजे होते असें सांगते, आणि त्यांना जागा द्यावयाची तर भीम बल्लाळाला खालीं सरकावेंच लागतें.

येथें एक सावधगिरी हवी. लेख नाहीं म्हणून माणूस नव्हता असें म्हणतां येत नाहीं. अरण्यांतील एखाद्या गढीचा स्वामी ताम्रपट कोरीत बसत नाहीं, त्याला ब्राह्मणांना गांवें द्यावयाचीं नसतात आणि प्रशस्ति लिहिणारा कवि त्याच्या पदरीं नसतो. भीम बल्लाळ नांवाचा पराक्रमी नायक शिरपुराकडे होऊन गेला नाहीं असें मी म्हणत नाहीं. तो सन ८७० मध्यें चांद्याच्या मुलुखाचा राजा होता ह्याला आधार नाहीं, एवढेंच.

मग कोठें आधार सांपडतो? अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत, एका गोंड जमीनदाराचा उल्लेख आहे: नांव बाबजी, पदरीं एक हजार घोडेस्वार व चाळीस हजार पायदळ, आणि हिऱ्यांच्या खाणीचें वैरागड त्याच्या ताब्यांत. तें त्यानें दुसऱ्या एका सरदाराकडून नुकतेंच हिसकून घेतलें होतें असेंहि अबुल फजल सांगतो. ग्रंथ सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला. म्हणजे हा बाबजी त्या वेळीं हयात आणि जोरांत होता. यादींतला बाबाजी बल्लाळशहा मात्र १५२२ सालींच मेलेला आहे! नांव एकच, मुलूख एकच, आणि अंतर सत्तर वर्षांचें. दोघांपैकीं एक सन खोटा, आणि खोटा कोणता हें सांगावयास नको. अबुल फजलाला चांद्याच्या राजाचें वय वाढविण्यांत कांहीं स्वारस्य नव्हतें.

पुढें चला. १६६७ मध्यें औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. मोगल बखरकार त्या वेळच्या राजाचें नांव मांजी मल्लार असें देतात; त्यानें शरण येऊन मोठा दंड व सालीना खंडणी कबूल केली. यादींत ह्या नांवाचा राजाच नाहीं. तेथें त्या सालीं बीरशहा आहे. पण ‘मल्लार’ हें बल्लाळाचेंच मोगली रूप असणें फार संभवनीय आहे, आणि राजाला एक घरचें व एक गादीचें अशीं दोन नांवें असणेंहि नवलाचें नाहीं. त्यापुढें, सतराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, मोगल कागदांत चांद्याच्या गादीवर किशनसिंह आणि त्याच्या मागून बीरसिंह हीं नांवें येतात. यादींत कृष्णशहा आणि त्याच्या मागून बीरशहा आहेत. पण त्यांचे सन १५९७ ते १६७२, म्हणजे पुन्हां कित्येक वर्षें आधीं.

हें पाहिल्यावर मला त्या यादीविषयीं उलट आदर वाटूं लागला. बाबाजी, मग कृष्ण, मग बीर, मग राम, मग नीलकंठ: क्रम बरोबर आहे. ज्यांनीं तो तोंडीं जपला त्यांच्याजवळ ना शिक्का होता ना दप्तर. नांवें टिकलीं, त्यांचा क्रम टिकला, आणि सन तेवढे चुकले. कारण सन हे त्यांनीं जपलेलेच नव्हते. बाबाजीला १५९५ च्या सुमारास धरून दर कारकीर्दीस वीस-पंचवीस वर्षें दिलीं, तर चांदा वसविणारा खांडक्या पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येतो आणि भीम बल्लाळ तेराव्या शतकाचा मध्य ते चौदाव्याचा आरंभ ह्यांच्या दरम्यान कोठें तरी. तो काळ देवगिरीचे यादव आणि वरंगळचे काकतीय ह्यांचीं राज्यें मोडण्याचा. मोठीं झाडें पडलीं म्हणजे खालच्या रोपांना ऊन मिळतें. गोंड राज्याचा उगम तेथें शोधणें मला अधिक सयुक्तिक वाटतें. त्यानें घराण्याचीं चारशें वर्षें कमी होतात, पण उरतात तीं पक्कीं होतात.

हा आजार चांद्याचाच नव्हे. ज्या १६६७ सालीं दिलेरखान चांद्यापुढें उभा होता, त्याच सालीं मंडल्याजवळ रामनगर येथें गढा-मंडल्याचा गोंड राजा हृदयशहा यानें आपली वंशावळ संस्कृतांत दगडावर कोरविली. तींत यादवरायापासून पन्नासाहून अधिक पिढ्या आहेत. परंतु तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या भागावर त्रिपुरीच्या कलचुरींचें राज्य असल्याचें त्यांच्याच लेखांनीं सिद्ध आहे. दगडावर कोरलें म्हणून विधान खरें ठरत नाहीं. तें केव्हां कोरलें गेलें एवढेंच काय तें खरें ठरतें. आमच्या पाहुण्यांच्या थोरल्या बंधूंना ही गोष्ट रामनगरास न जातांच समजली होती.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगीं, १६७४ मध्यें, शिसोदिया कुळाची वंशावळ पुढें आली, हें सर्वांना ठाऊक आहे. तिला पुष्टि देणारीं म्हणून मुधोळच्या घोरपड्यांच्या संग्रहांतील बहामनी फर्मानें गेल्या शतकांत प्रसिद्ध झालीं आणि त्यांच्या अस्सलपणावर विद्वानांत कडाक्याचा वाद झाला. त्या वादांत मी येथें शिरत नाहीं. निकाल कसाहि लागो, रायगडावरचें सिंहासन त्या कागदांवर उभें नव्हतें.

आतां गुंडाळीच्या खालच्या टोंकाकडे येऊं, कारण खरें काम तेथेंच आहे. वंशावळ तपासणारा नवशिका माणूस नेहमीं वरून खालीं येतो. प्रसिद्ध राजापासून आरंभ करून आपल्या घराकडे वाट काढतो, आणि अशी वाट हमखास सांपडते. तपासणी खालून वर व्हावयास पाहिजे: मी, माझा बाप, बापाचा बाप, आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र कागद. पाहुण्यांना मीं तेंच काम लावून दिलें. महिन्याभरानें ते परत आले ते नकलांची चवड घेऊनच. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जुन्या गांवांतून कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवीत असे. त्या कोतवाल बहींत वडिलांचा जन्म व आजोबांचा मृत्यु मिळाला. बंदोबस्ताच्या मिसलींत पणजोबा सांपडले, आणि त्याहून जुन्या एका कागदांत पणजोबांचे वडील, अमुक गांवचे कूळ म्हणून. चार पिढ्या वरवंट्यासारख्या घट्ट बसल्या. आणि तेथें कागद संपला.

तो कागद एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांतला. नीलकंठशहा १७५१ मध्यें पदच्युत होऊन बल्लारपूरच्या किल्ल्यांत कैद झाला. मधलें अंतर एकशेंदहा वर्षांचें, म्हणजे सुमारें चार माणसांचें. सबंध गुंडाळींत हीच जागा महत्त्वाची होती. वर एकोणीस राजे सनांसह डौलानें बसलेले, खालीं चार पिढ्या सरकारी शिक्क्यानिशीं. आणि जेथें राजाचा वंश शेतकऱ्याच्या घराला मिळतो त्या सांध्यावर सहा नांवें, ना सन, ना गांव, ना एकाहि बायकोचें नांव. चार माणसांच्या जागेंत सहा बसलेले, हाहि एक दोषच. लोक वंशावळीचें शिखर तपासतात. तपासावयाचा असतो तो सांधा.

आडनांवानें हा सांधा जुळत नाहीं. चांद्याचे राजे आत्राम कुळाचे म्हणून सांगतात, आणि आमचे पाहुणेहि आत्राम. पण आत्राम हें राजघराण्याचें नव्हे, सबंध कुळाचें नांव आहे. राजा त्या कुळांत जन्मला, कूळ राजापासून जन्मलें नाहीं. नीलकंठशहाच्या वारसांना पुढें राजकीय तनखा मिळत असे. त्या घराची वंशावळ, पैसा मोजणाऱ्या सरकारनें पैशाच्या काळजीनें तपासलेली, निराळी आहे आणि तींत ह्या घराचा उल्लेख नाहीं.

पाहुणे जरा हिरमुसले. मग म्हणाले, “पण गुरुजी, आमचा परधान तर गातो, का आमचा पूर्वज चंदनखेड्याहून आला.” हें ऐकून मात्र मी सावरून बसलों. चंदनखेडें हें भांदकाप्रमाणेंच जुन्या वरोरा तहशिलींतलें गांव, आणि चांद्याच्या राजवंशांत त्याला विशेष स्थान आहे. बीरशहाचा खून झाला तेव्हां त्याला पुत्र नव्हता. त्याची राणी हिराई हिनें अठराव्या शतकाच्या आरंभीं राज्याची सूत्रें हातीं घेतलीं, नवऱ्याची समाधि बांधिली, देवळें उभारलीं, आणि चंदनखेड्याच्या भाऊबंदांच्या घरांतला रामशहा दत्तक घेतला. यादींत ह्याच रामशहाला १६७२ पासून त्रेसष्ट वर्षें दिलीं आहेत. तो दत्तक ह्या राणीचा असेल तर तेवढीं तो राज्य करूं शकत नाहीं, हें ओघानेंच आलें. पण मुख्य गोष्ट निराळी. बीरशहाबरोबर त्या शाखेचें रक्त संपलें. गादी चालली ती एका बाईच्या निर्णयानें, चंदनखेड्याच्या मुलावर. तेव्हां ‘राजवंशी’ म्हणजे भीम बल्लाळाच्या रक्ताचा, कीं हिराईनें निवडलेल्या मुलाच्या घरचा, कीं त्या मुलाच्या मागें गांवींच राहिलेल्या चुलत्या-पुतण्यांचा? तिसरा अर्थ घेतला, तर आमच्या पाहुण्यांचा दावा अशक्य कोटींतला राहत नाहीं.

शिवाय रक्ताचाच हिशेब करावयाचा तर तो वंशावळींत कधींच पुरा होत नाहीं. माणसाला दोन आईबाप, चार आजे-आज्या. दहा पिढ्या मागें गेल्यास १०२४ पूर्वजांच्या जागा होतात. गुंडाळीवर त्यांतला एकच माणूस प्रत्येक पिढीला असतो, आणि लेकीसुना तर सगळ्याच गळालेल्या. राजाच्या मुली ज्या ज्या घरीं दिल्या त्यांच्या लेकरांची गणती केली, तर वरोऱ्याच्या आठवडी बाजारांत भाजी विकणाऱ्यांमध्यें बल्लाळशाही रक्त किती निघेल कोण सांगेल! वंशज असणें ही सामान्य गोष्ट आहे. कागदानें तें दाखवितां येणें ही दुर्मिळ.

उरतो परधान. गोंडांच्या घराण्यांचीं नांवें आणि त्यांच्या कथा किंगरीवर गाऊन सांगणें हा परधानांचा वंशपरंपरेचा अधिकार. आपल्यापैकीं पुष्कळांनीं त्र्यंबकेश्वरास किंवा गयेस उपाध्यायाच्या चोपडींत आपल्या पणजोबांची सही पाहिली असेल. परधान ही तशीच चोपडी, फक्त श्वास घेणारी. त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये आणि तो कागद नव्हे म्हणून टाकूनहि देऊं नये. बाबाजी-कृष्ण-बीर हा क्रम आपल्यापर्यंत आला तो अशाच तोंडी परंपरेनें, आणि मोगल दप्तराशीं ताडून पाहिला असतां तो टिकला. म्हणून मीं पाहुण्यांना सांगितलें: आपला परधान आपल्याच घरीं गातो तें पुरेसें नाहीं, कारण यजमानाला गोड वाटेल तें तो गाणारच. आपल्याशीं सोयरीक किंवा ओळख नसलेल्या, चंदनखेड्याकडच्या दुसऱ्या एखाद्या घरचा परधान शोधा. तुमचा पूर्वज गांव सोडून गेल्याचें त्यांच्या गाण्यांत असेल, तर ती साक्ष झाली. त्याला तुमचें नांव आधीं सांगूं नका.

दिवाळीनंतर त्यांचें पत्र आलें. शिळा बसविली, तिच्यावर वडिलांचें नांव, गांव, आणि वर चार पिढ्या कोरल्या, ‘राजवंशी’ हा शब्द तूर्त ठेविला नाहीं, पण दगडाच्या माथ्याला वीतभर जागा मोकळी ठेविली आहे, तेवढी तरुण मंडळींची समजूत. चंदनखेड्याकडचा म्हातारा परधान आदल्याच उन्हाळ्यांत वारला. त्याची किंगरी पुतण्याकडे आहे. त्याला सबंध गाणें येत नाहीं, गांव सोडून गेलेल्यांचीं चारच नांवें येतात. पाहुण्यांनीं तीं पत्रांत लिहून पाठविलीं आहेत. त्यांतलीं दोन गुंडाळींतल्या सहांपैकीं आहेत, लागोपाठचीं आणि त्याच क्रमानें. तिसरें गुंडाळींत नाहीं. चौथें नांव बाईचें आहे.